पहिला आकाशपाळणा घेताय? थोडं ऐका

भाऊ, धंद्यात उतरताय, छानच. पण आपल्या सोलापुरातल्या जानेवारीच्या गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या जत्रेची गर्दी बघून वर्षाचा हिशोब मांडू नका. जत्रेचं होम मैदान रिकामं झालं की पुढं एप्रिल-मे येतात. पारा ४० च्या वर, दिवसा चिटपाखरू फिरकत नाही.

सुरुवातीला एवढंच:
- एकच पाळणा घ्या, कर्ज बेतानं.
- विमा नि परवानग्या आधी, बॅनर नंतर.
- रोज गेट उघडण्याआधी रिकाम्या दोन फेऱ्या. मी एकदा घाईत टाळल्या. एका डब्याची पिन अर्धी बाहेर आलेली, आमच्या पोऱ्यानं बघितली म्हणून वाचलो.
- तिकीट फाडणारा आणि पाळणा चालवणारा माणूस वेगळा.

वॉटर पार्कचं तूर्त डोक्यातून काढा. नळाला पाणी कितव्या दिवशी येतं, ठाऊक आहे ना?