सोनटक्का, केळ, सापकांदा… इथे जगतील का?

ऑक्टोबर लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकच काळजी असते: पहिल्या फ्रॉस्टनंतर, म्हणजे दव गोठवणाऱ्या थंडीनंतर, बागेत काय उरेल? या वेळचे सगळे प्रश्न दक्षिण इंग्लंडातले आहेत. तिथला हिवाळा तसा सौम्य, पण रेंगाळणारा आणि चिंब ओला. स्कॉटलंडच्या वाचकांनी खालचे आकडे आपल्या जबाबदारीवर वाचावेत.

कोकणातल्या घरी विहिरीपाशी सोनटक्का होता. हॅरोच्या बागेत गड्डे लावले तर पानं मस्त येतात, फूल मात्र नाही, आणि हिवाळ्यात गड्डे कुजतात. काय चुकतं?

ताई, सोनटक्क्याला लांब, दमट आणि गरम हंगाम लागतो. इथे तो कळ्या धरायच्या बेतात येतो तोवर रात्री गारठायला लागतात. हट्टच असेल तर मोठ्या कुंडीत लावा आणि थंडीत काचेच्या आडोशाला न्या. जमिनीत लावायचं असेल तर त्याची हिमालयाकडची भावंडं बघा.

पहिली निवड हेडिकियम डेन्सिफ्लोरमची ‘आसाम ऑरेंज’ ही जात. वनस्पतींच्या शोधात हिंडणाऱ्या फ्रँक किंगडन-वॉर्ड यांनी ती १९३८ मध्ये आसामातून इकडे आणली. फुलं बारीक, दाट, नारिंगी. वास बेताचाच, पण झाड काटक. दुसरी ‘तारा’. नेपाळातून आणलेल्या बियांपासून ती इथे तयार झाली. ऑगस्ट-सप्टेंबरात तिचे गडद नारिंगी तुरे माणसाच्या खांद्याला लागतात. वास हवाच असेल तर पिवळं हेडिकियम गार्डनेरियानम लावा. ते मात्र दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीलगतच.

गड्डे कुजण्याचं कारण थंडीपेक्षा तुमची चिकणमाती. हॅरोत कुदळ मारली की मडकी घडवावीत असा गोळा निघतो. खड्डा रुंद खणा, त्यात कुजलेलं पानखत आणि जाड खडी मिसळा आणि गड्डा वरच्या थरातच ठेवा. खोल पुरू नका. नोव्हेंबरात खोडं कापून वर वीतभर जाड पाचोळा घाला. मेअखेरीपर्यंत काही उगवलं नाही तरी उकरून बघायचं नाही. ही मंडळी उशिराच उठतात.

गणपतीत दारची केळीची पानं हवीत अशी सासूबाईंची इच्छा. इंग्लंडात कुठली केळ बाहेर तगते?

मुसा बासजू. मूळची दक्षिण चीनची. जपानी केळ या नावानं विकली जाते, कारण जपानात ती फार पूर्वीपासून लावतात. फळाची आशा ठेवू नका. क्वचित धरलं तरी ते बियाळ आणि न खाण्याजोगं.

पानं मात्र ऐन गणपतीत भरात असतात. अडचण वाऱ्याची. पान पातळ असतं, एका वादळी रात्रीत त्याच्या झिरमिळ्या होतात. म्हणून कुंपणाच्या आडोशाला, पण उन्हात लावा. वरचं गुंडाळलेलं पान उलगडून दोन-तीन दिवस झाले की लगेच कापा. मोठ्या ताटाएवढा सलग तुकडा हमखास मिळतो. उन्हाळाभर पाणी आणि खत सढळ हातानं द्या. हे झाड खादाड आहे.

पहिल्या फ्रॉस्टनं पानं काळी पडली की ती छाटा, खोड ठेवा. खोडाभोवती कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी गोल उभी करा, आत सुकं गवताचं काड कोंबा आणि पाऊस आत जाऊ नये म्हणून वर पालथी कुंडी ठेवा. प्लास्टिक गुंडाळू नका, आत घाम धरून खोड सडतं. एवढं करूनही खोड गेलं तर बुंध्याजवळचे पिल्ले उन्हाळ्यात वर येतात, फक्त केळ पुन्हा बुटकेपणापासून सुरू होते.

लेबलवर एच४ लिहिलेलं असतं. ते पाहून झाड घ्यावं का? डिसेंबर २०२२ मध्ये आमची कॉर्डिलाइन (ताडासारखं दिसणारं झाड) गेली. तिच्या जागी काय लावू? (साउथहॅम्प्टन)

रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या बागकामाच्या ब्रिटिश संस्थेनं झाड किती थंडी सोसतं याची मोजणी ठरवली आहे. तिच्यात एच३ म्हणजे उणे ५ ते १ अंश, एच४ म्हणजे उणे १० ते उणे ५ आणि एच५ म्हणजे उणे १५ ते उणे १०. हा आकडा जमिनीत रुजलेल्या झाडाचा. कुंडीत मुळं चारही बाजूंनी गारठतात, तेव्हा कुंडीतल्या झाडाला मी एक पायरी खालचाच समजतो. त्या डिसेंबरात दक्षिणेतल्या कितीतरी कॉर्डिलाइन आणि पिटोस्पोरमची सदाहरित झुडपं गेली. तुमची बुंध्यातून फुटली नाही ना, हे उपटण्यापूर्वी बघा. कित्येक फुटल्या आहेत.

गेलीच असेल तर ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनाय हा ताड लावा. तो एच५ आहे. वनस्पतींचे शोधक रॉबर्ट फॉर्च्यून यांनी १८४९ मध्ये चीनहून त्याची रोपं पाठवली, आणि त्यांतलं एक व्हिक्टोरिया राणीच्या ऑस्बोर्न हाउसमध्ये लागलं. ते तुमच्या समोरच, आइल ऑफ वाइटवर. वारा जास्त असेल तर ‘वॅग्नेरियानस’ घ्या. त्याची पानं लहान आणि ताठ असतात, चिंध्या होत नाहीत.

मोगरा बाहेर ठेवता येईल का?

नाही. तो खिडकीतच बरा. बाहेर वासाची वेल हवी तर स्टार जास्मिन भिंतीवर चढवा. सुरुवातीची काही वर्षं ती रेंगाळते, तेवढा धीर धरा.

ब्रिस्टलला आमचं अंगण पुढच्या दारापुरतंच. हिवाळ्यात काही फुलेल असं सुचवा, पण नेहमीचं नको.

डॅफ्नी भोलुआ. ज्या सालीपासून नेपाळात लोकता कागद करतात, तेच हे झुडूप. त्याची ‘जॅकलिन पोस्टिल’ ही जात जानेवारी-फेब्रुवारीत गुलाबी-पांढरी फुलते आणि फाटक उघडताच वास येतो. सकाळचं ऊन किंवा पातळ सावली, निचऱ्याची जमीन, एवढं पुरे. जागा मात्र नीट विचार करून ठरवा, एकदा रुजलेली डॅफ्नी हलवली की बहुधा रुसते ती कायमचीच. सगळं झाड विषारी आहे. अंगणात खेळणारं लहान मूल असेल तर त्याऐवजी सार्कोकोका कन्फ्युसा लावलेली बरी. दाट सावलीतही तिचा वास पसरतो आणि ती जागाही कमी घेते.

पावसाळ्यात सह्याद्रीवर सापकांदा बघायची सवय. इथे तसलं काही? (रेडिंग)

दादा, तुमचा प्रश्न मला सर्वांत आवडला. सापकांदा म्हणजे अरिसीमा. त्याच्या हिमालयी-चिनी जाती इथे छान रमतात. अरिसीमा कॉन्सँग्विनियमला एकाच देठावर छत्रीच्या काड्यांसारखी पानं फुटतात आणि प्रत्येक टोकाला लांब शेपूट लोंबतं. कॅन्डिडिसिममचा फणा गुलाबी-पांढऱ्या पट्ट्यांचा. दोन्ही कंद झाडाखालच्या कवडशांत, पानखत घातलेल्या भुसभुशीत जमिनीत हातभर नको, पंधरा सेंटिमीटर खोल लावा. तेवढ्या खोलीवर फ्रॉस्ट सहसा पोहोचत नाही.

कंद लहान असेल तोवर नर फूल येतं, कंद पोसला की मादी, आणि एखाद्या वर्षी उपासमार झाली तर परत नर. हाताळताना सुरणाचा नियम पाळा, रसानं खाज सुटते. आणि जिथे पुरलात तिथे काठी रोवून ठेवा. कॅन्डिडिसिमम कधीकधी जूनपर्यंत वर येत नाही आणि मोकळी जागा दिसली म्हणून घरातलं कोणीतरी तिथेच बेगोनिया लावून मोकळं होतं.