आधी डेटा तपास, मग मॉडेल

अनेक आशीर्वाद.

सौर प्रकल्पाच्या वीजनिर्मितीचा अंदाज देणारं तुझं मॉडेल ९८ टक्के अचूक येतंय हे वाचून मला आधी शंकाच आली. रात्रीच्या नोंदी वगळून पुन्हा मोज. रात्री निर्मिती शून्य असते हे सांगायला मशीन लर्निंग लागत नाही. ते फुकटचे गुण. आणि डेटा रॅन्डम विभागला असशील, तर सव्वादहाची नोंद ट्रेनिंगमध्ये (मॉडेलला शिकवायला) आणि साडेदहाची टेस्टमध्ये (त्याला तपासायला), म्हणजे शेजाऱ्याच्या वहीत बघून पेपर सोडवणं झालं. तारखेनं काप: आधीचे महिने शिकायला, नंतरचे तपासायला.

पण खरी गोम हवामानाच्या रकान्यांत असते. तू प्रकल्पावरच्या सेन्सरनं मोजलेलं ऊन वापरलंयस. उद्याचा अंदाज आज सकाळी द्यायचा, तर उद्याचं मोजलेलं ऊन आणणार कुठून? हाती असतो तो हवामान मॉडेलचा अंदाज, तोही काही तासांपूर्वी चालवलेल्या गणिताचा. तेव्हा जुने हवामान-अंदाज जसेच्या तसे मिळव आणि त्यांच्यावर मॉडेल शिकव. आकडे घसरतील, घसरू देत. प्रत्येक रकान्याला विचारत जा: अंदाज देताना हे ठाऊक होतं का?

पुढे पवनचक्क्यांकडे वळलास तर हे आणखी बोचेल. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग सेकंदाला ८ मीटरवरून ९ झाला की ती सुमारे ४२ टक्के जास्त. म्हणजे वाऱ्याच्या अंदाजातली एवढीशी चूक विजेच्या आकड्यात कितीतरी मोठी होऊन येते.

आता एक आलेख डोळ्यांपुढे आण. लख्ख दुपार, पॅनेल धडधाकट, आणि निर्मिती अचानक खाली येऊन तासभर सपाट. बिघाड नव्हे, ग्रिडला, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या जाळ्याला, तेवढी वीज सामावून घेता येत नव्हती, म्हणून निर्मिती कमी करायचा आदेश आला होता. हे तास काढले नाहीस तर कडक उन्हात वीज कमी होते असं मॉडेल शिकेल. आदेशांची नोंद कंट्रोल रूममध्ये असते. तिथल्या शिफ्ट इंजिनिअरशी ओळख वाढव. त्यांना विचारल्याशिवाय असे तास नीट ओळखता येत नाहीत.

मॉडेल कोणतं, हा प्रश्न त्यामानानं सोपा. ‘कालच्यासारखंच आज’ हा अंदाज आधी हरवून दाखव, मग ग्रेडियंट बूस्टिंग (छोटी छोटी मॉडेल्स एकामागून एक जोडून आधीची चूक कमी करत नेणारी पद्धत). डीप लर्निंगची, म्हणजे अनेक थरांच्या न्यूरल नेटवर्कची, घाई नको (माझं हे मत जुनाट वाटेल, वाटू दे). मात्र एकच आकडा देऊन थांबू नकोस. राखीव वीज किती ठेवायची हे ठरवणाऱ्याला निर्मिती किती खाली-वर जाऊ शकते याचा आवाका लागतो. २०१४ च्या ग्लोबल एनर्जी फोरकास्टिंग कॉम्पिटिशनमध्ये म्हणूनच प्रत्येक तासासाठी ९९ क्वांटाइल मागितले होते (म्हणजे निर्मिती कोणत्या आकड्याच्या खाली राहण्याची शक्यता १ टक्का, कोणत्या २, असं ९९ टक्क्यांपर्यंत).

सवडीनं सगळ्यात जास्त चुकलेले दहा दिवस वेगळे काढून त्यांचे आलेख पाठव. ढगांमुळे चुकले, आदेशामुळे, की दोन यंत्रणांच्या घड्याळांत पंधरा मिनिटांचा फरक आहे, ते बघू.