महसूल विभागात नव्याने रुजू होणाऱ्या विश्लेषकास

विमानकंपनीच्या महसूल विभागात तुम्ही नव्याने येत आहात, म्हणून आग्रहाने सांगतो की, मोठमोठ्या संगणकीय प्रारूपांकडे वळण्यापूर्वी बीओएसी या ब्रिटिश कंपनीतील लिटलवुड यांनी १९७२ मध्ये मांडलेला नियम कागदावर स्वतः सोडवून पाहा. समजा, सवलतीचे तिकीट ४,००० रुपयांचे आणि ऐनवेळचे १०,००० रुपयांचे आहे; तर एखादे आसन महाग दराने जाण्याची शक्यता ४० टक्क्यांहून अधिक असेल तोवर ते स्वस्तात देऊ नये. अमेरिकन एअरलाइन्सने १९८५ मध्ये पीपल एक्सप्रेस या स्वस्त विमानकंपनीच्या अल्प दरांना तोंड दिले, ते याच विचाराने आगाऊ सवलतीची आसने मोजून ठेवून.

मात्र खरी कसोटी विदेची (डेटाची) आहे. नोंदींत दिसते ती विक्री, मागणी नव्हे. दहा दिवस आधी बंद झालेल्या दरासाठी नंतर किती जण आले, हे त्या तक्त्यात कुठेच उमटत नाही. उलट, सवलतीचा दर शेवटपर्यंत खुला राहिला, तर जास्त पैसे देण्यास तयार असलेला प्रवासीही तोच घेतो, महाग दराची मागणी घटल्याचे भासते, पुढील अंदाज आणखी खाली येतो आणि हे चक्र उत्पन्न पोखरत राहते. पहिल्या वर्षी मीही यात फसलो होतो.

गणेशोत्सवातील मुंबई–गोवा उड्डाणांची तुलना गतवर्षीच्या तारखेशी नव्हे, तिथीशी करा.