आर्मी डिस्पोजलच्या जोंग्याचा, म्हणजे फौजेने लिलावात काढलेल्या जीपसारख्या गाडीचा, लाइटचा स्विच गेलाय. तो काढून साधा टॉगल (खालीवर करायचा खटका) टाकला आणि डायरेक्ट वायरिंग केलं तर चालेल का?

नाही. टाकू नका.

तुम्ही लिहिलंय की स्विचमागे अकरा वायरी निघतात आणि मिस्तरी म्हणतो, यातल्या सात मिलिटरीच्या, बिनकामाच्या, कापून टाकू. अगदी हेच वाक्य मी शहाद्यात आमच्या अंगणात ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

आमचे आबा ईएमईत होते, फौजेच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या कोअरमध्ये. हवालदार होऊन पेन्शनीत आले. जोंगा १९६९ पासून १९९९ पर्यंत जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीत बनला, निसान पट्रोल या जपानी गाडीवरून. आबांची निम्मी नोकरी त्या गाडीखाली पाठीवर झोपून गेली. २००४ साली लिलावातला एक जोंगा आमच्या दारात आला, तेव्हा त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी डॅशखाली आडवे झाले आणि मला वही धरायला लावली. प्रत्येक वायरीला कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर, दोऱ्याची गाठ. वहीत तोच नंबर आणि पुढे ती वायर कुठे जाते ते. ‘पहिले चिठ्ठी बांध, मंग वायर काप,’ एवढंच बोलायचे. दोन दिवस गेले, तरी पक्कड हातात घेतली नव्हती.

माझा चुलत भाऊ, दादा, याला हे सहन होईना. त्याला पपईच्या मळ्यात गाडी हवी होती. आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला धुळ्याला गेले, तेवढ्यात त्याने एक इलेक्ट्रिशियन आणला. दुपारी सुरू झालेलं काम दिवे लागणीला संपलं. डॅशला टॉगल, टॉगलपासून बारीक वायर थेट हेडलाइटला. आबा परत आले तेव्हा कापलेल्या वायरींचा जुडगा पडवीत पडला होता, चिठ्ठ्या तशाच बांधलेल्या. आबांनी तो उचलला आणि आत नेऊन ठेवला. बोलले काहीच नाहीत.

पुढच्या महाशिवरात्रीला आम्ही तोरणमाळला गोरखनाथाच्या जत्रेला गेलो. दादा चालवत होता, शेजारी आबा, मागे काकू, मी आणि दोन पोरं. परत निघायला रात्र झाली. महाशिवरात्र म्हणजे अमावस्येच्या आदली रात्र, चंद्र नाहीच. सातपायरी घाट उतरताना वळणावर दोन्ही हेडलाइट एकदम गेले. समोर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. दादाने ब्रेक दाबला. मागून माणसांनी भरलेली पिकअप येत होती, तिच्या उजेडात पुढचा कठडा दिसला, हातभर अंतरावर. काकूच्या मांडीवरचा भगरीचा डबा खाली सांडला होता आणि पोरं ओरडत होती.

आबांनी टॉर्च काढली. टॉगलचं प्लास्टिक वितळून एका बाजूला ओघळलं होतं, पितळी टर्मिनल निळं-काळं पडलेलं. वायरीचं प्लास्टिक बोटाने दाबलं तर कडकन मोडलं. त्यांनी डाव्या बल्बचा प्लग काढला, टॉगल बाजूला करून दोन टोकं सरळ पिळली आणि एका दिव्यावर आम्हाला खाली आणलं. दोन्ही दिवे का नाहीत, असं मी विचारलं तर म्हणाले, वायर गरम शे, दोन्हीचा लोड झेपणार नाही. दादा तेव्हाही म्हणाला आणि आजही म्हणतो, ‘गाडी जुनी शे, भो.’

गाडी जुनी होती म्हणून लाइट गेले नाहीत. हिशोब करा. ५५ वॅटचे दोन डिपर (खालचा झोत) म्हणजे ११० वॅट, १२ व्होल्टला नऊ अँपिअरच्या वर. अप्परला (लांबचा झोत) दहा. त्यात पार्किंग आणि टेललाइट आले. एवढा करंट स्वस्त टॉगलच्या टिकलीएवढ्या संपर्कातून तासभर घाटात वाहत राहिला. काय होणार?

तुमचा जुना स्विच बहुतेक नुसता कार्बन धरून बसलाय. उघडा, साफ करा. मग रिले लावा, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच, अप्परला एक, डिपरला एक. रिलेच्या पिनांवर नंबर असतात. बॅटरीतून फ्यूज घेऊन ३० नंबरला, ८७ वरून बल्बला, ८६ ला डिपर स्विचकडून येणारी वायर, ८५ अर्थ. स्विचने फक्त हुकूम द्यायचा, ओझं रिलेने उचलायचं. बल्बकडे जाणारी वायर अडीच स्क्वेअर एमएमची घ्या. डाव्या-उजव्या दिव्याला फ्यूज वेगळे ठेवा, म्हणजे दोन्ही एकदम जाणार नाहीत. अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग खरवडून पत्रा चकचकीत करा. आमच्या गाडीत बॅटरीवर १३.६ व्होल्ट आणि बल्बच्या पिनेवर ११.१ मिळत होते. रिलेनंतर पिनेवर १३.२ झाले. व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उजेड तीस टक्क्यांच्या आसपास कमी होतो, त्यामुळे हा फरक मीटर न लावताही रस्त्यावर दिसला. १०० वॅटचे बल्ब टाकायची गरजच नाही, ते रिफ्लेक्टर जाळतात.

आणि त्या ‘बिनकामाच्या’ सात वायरी. त्यातल्या काही ब्लॅकआउटच्या असतील. रात्रीचा कॉन्व्हॉय, म्हणजे गाड्यांचा ताफा, वरून दिसू नये म्हणून मोठे दिवे बंद होतात, पुढे टोपीवाला बारीक दिवा उरतो, आणि मागे एक छोटा दिवा पांढऱ्या रंगवलेल्या डिफरेन्शियलवर उजेड टाकतो. मागचा ड्रायव्हर त्या पांढऱ्या ठिपक्यावरून अंतर राखतो. आमच्या गाडीत स्विच ब्लॅकआउटच्या खुणेवर असला की ब्रेकलाइटही लागायचा नाही. हे ठाऊक नसलेला मिस्तरी ब्रेकलाइटचा फॉल्ट शोधत महिनाभर फिरेल. वायरी कापायच्याच असतील तर कापा, पण आधी त्या कुठे जातात ते लिहा.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. फौजेत २४ व्होल्टच्याही गाड्या असतात, रिले आणि बल्ब घेण्याआधी बॅटरी बघा. तुमचा स्विच पॉझिटिव्ह सोडतो की अर्थ, ते टेस्ट लॅम्पने तपासा, नाहीतर वर सांगितलेलं कनेक्शन उलटं बसेल. काम सुरू करताना निगेटिव्ह टर्मिनल काढा. गाडी अजून ऑलिव्ह ग्रीन असेल तर रंग बदला, मोटार वाहन नियमांत तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना आहे. आणि मी हे सगळं एकाच गाडीवर केलंय, आबांच्या वहीवरून. तो जुडगा त्यांनी जपून ठेवला होता, चिठ्ठ्यांवरचे नंबर जुळवून आम्ही दोघांनी पंधरा दिवसांत परत जोडला.

आबा आता नाहीत. वितळलेला टॉगल माझ्याकडे डब्यात आहे. दादा अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, येतो. या वेळी मी त्याच्या हातात मीटर देऊन बल्बच्या पिनेवर लावायला सांगणार आहे, आणि डबा शेजारी उघडा ठेवणार आहे.