चाक फिरतं ठेव

अगं,

तुझं पत्र दोनदा वाचलं. डाउनहिल सायकल शर्यतीच्या सरावात, म्हणजे डोंगरउतारावर, चार वेळा पडलीस, त्यातल्या तीन वेळा चाक लॉक होऊन सायकल आडवी गेली. एकाने सांगितलं टायर बदल, दुसऱ्याने सांगितलं पुढच्या ब्रेकला हातच लावू नको, तिसऱ्याने सांगितलं पावसात नावच मागे घे. आणि आता रविवारी वेल्सच्या सीमेवरच्या त्या जंगलात पुन्हा पाऊस दाखवतायत, म्हणून विचारतेस की जाऊ का नको. जायचं. पावसाचा अंदाज बघून मी किती शर्यती घरी बसून काढल्या त्याचा हिशेब नको, त्यातली एकही परत मिळणार नाही.

आता मुद्द्याचं. तुझ्या अख्ख्या पत्रात टायरचं नाव सात वेळा आलंय आणि चाक फिरत होतं की नाही हे एकदाही आलेलं नाही. चिखलात धरतं ते फिरणारं चाक. दात कितीही उंच असोत, चाक थांबलं की दोन दातांमधल्या फटी चिखलाने भरतात आणि काही क्षणांत तुझा महागडा टायर गुळगुळीत होतो. ब्रेक सोडलास की चाक फिरतं, फिरताना चिखल बाहेर फेकतं, दात पुन्हा मोकळे होतात. म्हणजे वेग हीच टायरची सफाई. भीतीने मागचा ब्रेक धरून ठेवणारा माणूस स्वतःच्या हाताने टायर बुजवत उतरत असतो. मी हे बरीच वर्षं केलं, म्हणून इतक्या चिडून लिहितोय.

मग ब्रेक कुठे? जिथे खाली खडी किंवा स्लेट लागते, जिथे रस्ता सरळ आहे आणि सायकल उभी आहे, तिथे दोन्ही ब्रेक एकेका बोटाने जोरात, आणि लगेच सोडायचे. पुढचा ब्रेक वापरायचाच. उतारावर थांबवण्याचं बहुतेक काम तोच करतो. तो वापरू नको म्हणणाऱ्याला एवढंच म्हणायचं असतं की वळणात आणि मुळांवर वापरू नको, पण अर्धी गोष्ट सांगून लोक मोकळे होतात. मुळांच्या दोन मीटर आधी बोटं सैल. शेवाळलेल्या पायरीवर आपण पाय सपाट टाकतो, रेटा देत नाही, वळत नाही. तुला कोकणातल्या घराची पाखाडी आठवत असेल. मुळांवर तेच. शक्य तितकं काटकोनात जा, अंग हलकं कर, पेडल मारू नको, ब्रेक नाही. आडव्या उतारावरची मुळं असतील तर वरून शिर आणि उशिरा खाली उतर. आधीच खाली घसरलेल्याला पुन्हा वर चढता येत नाही.

चिखल सगळा एक नसतो, हे तुला मी सांगायला नको. काळ्या रानात भर पावसात चप्पल घसरते, पण उघडीप मिळाली की दुसऱ्या दिवशी तीच चप्पल किलोभराची होते. शर्यतीतही असंच. धो धो पाऊस असेल तर चिखल पातळ, रबरबीत राहतो, चाकावरून वाहून जातो, आणि खालचा कडक थर हाताशी येतो. लोक घाबरतात पावसाला. घाबरायचं ते पाऊस थांबल्यानंतरच्या चार तासांना. तेव्हा चिखल कणकेसारखा होतो, पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या कमानीत आणि मागचं चाक धरणाऱ्या फ्रेमच्या चिमट्यात भरतो आणि चाक अक्षरशः अडतं. म्हणून मागचा टायर रुंद नको. 2.35 किंवा 2.4 इंच पुरे, म्हणजे दोन्ही बाजूंनी जागा उरते. मला लोक जुनाट म्हणतात यावरून. म्हणू देत. रुंद टायर कोरड्यात छान असतो, पण चिमट्यात बोटभर फट उरली नाही तर कणकेच्या चिखलात उताराच्या मध्यावर सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

टायरबद्दल विचारलंसच, तर ऐक. मॅक्सिस कंपनीच्या वेटस्क्रीमसारखा पूर्ण खिळ्यांचा, म्हणजे उंच टोकदार दातांचा टायर फक्त तेव्हा, जेव्हा रस्ता जवळजवळ सगळा मऊ आणि खोल आहे. दगड-मुळं जास्त असतील तर उंच खिळे त्यांच्यावर वाकतात आणि सायकल डुलायला लागते. तिथे त्याच कंपनीच्या शॉर्टीसारखा मधल्या उंचीच्या दातांचा टायर बरा. दोन्ही ठिकाणी चालवायचं असेल तर खिळ्याच्या मधल्या रांगा साईड कटरने तिसरा हिस्सा कमी कर. कडेच्या रांगांना हात लावू नको, वळणात त्याच धरतात. पैसे एकाच टायरचे असतील तर तो पुढे लाव. मागचा घसरला तर सावरता येतं. हवा? तुझं वजन साठ-बासष्ट असेल आणि टायर डाउनहिल केसिंगचा, म्हणजे जाड भिंतीचा असेल तर पुढे 21–22, मागे 24–25 पीएसआयपासून सुरुवात कर. कोरड्यापेक्षा दोन पीएसआयहून जास्त उतरवू नको, टायर मऊ झाला की खिळे आणखी वाकतात. आणि दर वेळी तोच पंप वापर, दोन पंपांचे काटे कधी जुळत नाहीत. फोर्क सावकाश दबताना किती कडक राहतो ते ठरवणारं बटण, लो-स्पीड कम्प्रेशन, दोन क्लिक उघड, बाकी सस्पेन्शनला हात लावू नको.

शनिवारी रस्ता पायी चाल, आणि हातात काठी घे. डबक्यात काठी खुपस. तीन-चार इंचांवर टणक लागलं तर सरळ डबक्यातून जा. बाजूने वळसा घालून गेलेल्यांनी कडा घासून साबणासारख्या केलेल्या असतात. काठी आत आतच गेली तर ती जागा लक्षात ठेव. चाकोऱ्यांचं उलट होतं. शनिवारी त्या भयंकर वाटतात, पण रविवारपर्यंत शंभरेक सायकली जाऊन त्या तळाच्या कडक थराला टेकतात. शेजारच्या पालापाचोळ्यातली नवी वाट दहा-पंधरा जणांपुरती चांगली असते, मग संपते. म्हणून तुझा नंबर कितवा आहे बघ आणि मग वाट ठरव. चाकोरीत शिरलीस की पेडल समपातळीत, नजर चाकोरीच्या शेवटावर, हँडल ढिलं. भिंतीशी भांडू नको. चाक फिरतं ठेव, ते आपसूक बाहेर येतं.

स्वित्झर्लंडमधल्या शाम्पेरीच्या 2011 च्या जागतिक डाउनहिल स्पर्धेचा व्हिडिओ तू पाहिला असशीलच. पावसात, त्या उभ्या उतारावर, एकोणीस वर्षांच्या ब्रिटिश डॅनी हार्टने दुसऱ्याला 11 सेकंदांहून जास्त मागे टाकलं. एरवी त्या पातळीवर अर्ध्या सेकंदासाठी मारामारी असते. सगळे त्यातल्या उड्या बघतात. तू पुन्हा लाव आणि फक्त मागचं चाक बघ, ते किती वेळ फिरतंय ते.

बाकी भराभर सांगतो. ब्रेक पॅड सिंटर्ड, म्हणजे धातूच्या भुकटीचे घे. ऑरगॅनिक, म्हणजे मऊ राळेचे पॅड ओल्या रेतीत एका दिवसात लोखंडापर्यंत झिजू शकतात. नवे पॅड शर्यतीच्या दिवशी बसवू नको. आधी रस्त्यावर वेगातून चालण्याच्या गतीपर्यंत वीसेक वेळा ब्रेक मार, पण चाक लॉक होऊ न देता. फ्रेमला सिलिकॉन स्प्रे मारलास तर चिखल कमी चिकटतो, मात्र ब्रेकच्या डिस्कवर फडकं झाकून मार. लिंकेजच्या (मागच्या सस्पेन्शनचे सांधे) आणि बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस बसतो तो भाग) मागच्या खोबणीत स्पंज कोंब, नाहीतर तिथे किलोभर माती बसते. पुढचं मडगार्ड लांब हवं, झिप टायने घट्ट.

गॉगलला टेअर-ऑफ, म्हणजे फाडून टाकायच्या पातळ फिल्म लावू नको, कचरा होतो म्हणून तिथे बऱ्याच ठिकाणी चालत नाहीत. रोल-ऑफ, म्हणजे दोरी ओढली की सरकणारी गुंडाळीची फिल्म लाव, आणि काचेवर मासेमारीच्या दोऱ्याचे दोन तुकडे आडवे चिकटव. नाहीतर पाण्याने फिल्म काचेला चिकटते आणि दोरी ओढली तरी सरकत नाही. आतून काच कधीही पुसू नको. कोरडा दुसरा गॉगल पिशवीत ठेव आणि सुरुवातीच्या फाटकाशीच डोळ्यांवर चढव. हातमोज्यांच्या तीन जोड्या, झिपच्या पिशवीत. बोटं गारठली की पकड आवळते, पकड आवळली की हात भरून येतात, हात भरले की बोटं ब्रेकवरून सुटत नाहीत. पुढे काय होतं ते लिहीत बसत नाही.

पेडल सपाटच हवीत, बूट अडकवायच्या क्लिपची नकोत. क्लिपमध्ये चिखल भरला की पाय अडकत नाही, आणि अडकला तर वेळेवर निघत नाही. यावर माझ्याशी वाद घालायचा असेल तर शर्यतीनंतर घाल.

शर्यतीच्या दोन उतारांच्या मधल्या वेळात सायकल बादली आणि ब्रशने धू. प्रेशर वॉशर हबवर (चाकाच्या मध्यावर), बेअरिंगवर, फोर्कच्या सीलवर धरू नको, पाणी आत गेलं की महिन्याने खर्च समोर येतो. चेन पुसून ओल्या हवेचं तेल लाव, थेंब डिस्कवर उडू देऊ नको. पॅड बघ. एक मिलिमीटरपेक्षा कमी उरलं असेल तर बदल, म्हणजे वापरून बसवलेली दुसरी जोडी पिशवीत हवी. घरी आल्यावर सीटपोस्ट (सीटची दांडी) काढ आणि सायकल रात्रभर उलटी ठेव, म्हणजे आतलं पाणी निथळतं.

दोन उतारांतली चांगली वेळ धरतात, त्यामुळे पहिल्या उतारात पडलीस तरी दुसरा आहे. मला वेळ कळवली नाहीस तरी चालेल. पहिला उतार संपल्यावर खाली थांबून मागचा टायर बघ, दात मोकळे होते की भरलेले, तेवढं लिही.

तुझा,
काका