आधी पप्पांची कांदापट्टी

अगं, तुझा मेसेज रात्रीच वाचला, पण दोन ओळीत उत्तर देणं बरं वाटेना म्हणून आज सकाळी चहा घेऊन निवांत बसलेय. बीकॉमला आहेस, गणित बारावीतच सुटलं, कॉम्प्युटरचं काहीच येत नाही, तरी प्रोग्रॅमिंग शिकायचंय आणि कॉलेज रोडचा क्लासवाला पन्नास हजार मागतोय, भरू का? नको भरूस. निदान आत्ता तरी नको. मी असेच भरले होते, सहा महिन्यात प्रोग्रॅमिंगच्या तीन लँग्वेज उरकल्या आणि शेवटी एकही प्रोग्रॅम स्वतःच्या डोक्याने लिहिता येत नव्हता, कारण सर बोर्डवर लिहायचे आणि आम्ही वहीत उतरवून घ्यायचो. त्या पैशांचं मला अजून वाईट वाटतं.

तू पायथॉन ही लँग्वेज घे. फुकट आहे, 1991 पासून आहे, मराठीतसुद्धा व्हिडिओ सापडतात. फक्त व्हिडिओत प्रिंटच्या, म्हणजे उत्तर छापायच्या आज्ञेच्या, पुढे कंस नसेल तर तो जुन्या पायथॉन 2 चा आहे समज आणि सोडून दे, ते व्हर्जन 1 जानेवारी 2020 लाच बंद झालंय.

आता पहिला प्रोग्रॅम कोणता, तर पप्पांची कांदापट्टी. लासलगावच्या मार्केटला कांद्याचा ट्रॅक्टर गेला की विक्रीच्या हिशोबाची जी पट्टी हातात येते ना, वजन, भाव, काही कपात असेल तर ती वजा जाता रक्कम, ती. तू लहानपणापासून ती बघतेस, आकडे चुकले तर तुला लगेच कळतं, आणि शिकताना हीच गोष्ट सगळ्यात कामाची आहे.

बसशील आणि पहिल्याच दिवशी अडशील, कुठे ते आत्ताच सांगते. दोन ट्रॅक्टरचं वजन विचारशील, 18 आणि 22 टाकशील, बेरीज करायला सांगशील आणि उत्तर येईल 1822. घाबरू नकोस, पायथॉन वेडं नाही झालेलं. इनपुटमधून, म्हणजे आपण टाइप करून, जे येतं ते त्याच्यासाठी आकडा नसतो, अक्षरं असतात, आणि अक्षरांची बेरीज म्हणजे एकापुढे एक चिकटवणं. मग तू इंट लावशील, म्हणजे अक्षरांचा पूर्ण आकडा करायला सांगशील, 40 येईल, खूश होशील, आणि दुसऱ्या दिवशी 18.40 क्विंटल टाकलं की लाल एरर, कारण इंटला पॉइंटवालं वजन चालत नाही, तिथे फ्लोट लागतं. एरर आला की आधी सगळ्यात खालची ओळ वाच, काय बिघडलं ते तिथे लिहिलेलं असतं, आणि कितव्या ओळीत ते बहुतेक वेळा त्याच्या जरा वर. बहुतेक मुलं ते लाल दिसलं की न वाचताच खिडकी बंद करतात, तू असं नको करूस प्लीज.

पण एरर देणारी चूक परवडली, न देणारी वाईट. समज एकदा 30 क्विंटल 1000 च्या भावाने गेला आणि नंतर 10 क्विंटल 2000 ने. सरासरी भाव किती? दोन भावांची बेरीज करून दोनने भागलं तर 1500, आणि पायथॉन ते गपगुमान छापेल, एकही तक्रार करणार नाही. खरे पैसे आले 50,000, माल 40 क्विंटल, म्हणजे भाव पडला 1250. क्विंटलमागे अडीचशेचा फरक, आणि तो तुलाच पकडावा लागेल, मशीन नाही पकडणार. तू कॉमर्सची आहेस, ही सरासरी तू शिकलीयस, मग गणित सुटलं म्हणून रडतेस कशाला? म्हणून आधी एक जुनी पट्टी घे, वहीत पेनने हिशोब कर, मग टाइप कर, आणि दोन्ही उत्तरं जुळतात का बघ.

चॅटजीपीटीचं विचारलंस. वापर, पण कोड मागू नकोस, तुझा कोड दाखव आणि हे 1822 का आलं असं विचार. आयता कोड घेतलास तर पट्टी होईल पण तू होतीस तिथेच राहशील, हे मी दोन ज्युनिअरच्या बाबतीत बघितलंय आणि दोघं हुशार होती गं.

रोज एक तास पुरे. परीक्षा आली तर आठवडाभर बंद ठेव, काही बिघडत नाही. नोकरी लागेल का, किती महिन्यात लागेल, हे आत्ता विचारू नकोस, कारण जो कोणी तारीख सांगेल तो फी घ्यायला बसलेला असेल.

दोन आठवड्यांनी रविवारी घरी ये, गंगापूर रोडलाच आहे मी. येताना लॅपटॉप आण, आणि पप्पांकडून या सीझनच्या सगळ्या पट्ट्या मागून घे, चुरगळलेल्या असल्या तरी चालतील. त्यांना विचार आधी, काय करणारेस तेही सांग.

तुझी ताई