घोस्ट ऑफ त्सुशिमासारखा कन्सोलचा जड गेम स्टीम डेक किंवा आरओजी अ‍ॅलायवर खरंच नीट चालतो का?

तुम्ही विचारलंय की घरात टीव्ही कधी मोकळा सापडत नाही, म्हणून पीएस५ऐवजी हातात धरायचा पीसी, म्हणजे हॅंडहेल्ड, घ्यावा का, आणि त्यावर त्सुशिमा नुसता सुरू होतो की खरोखर खेळता येतो. हा गेम मी स्टीम डेकच्या जुन्या, एलसीडी मॉडेलवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळले आहे. नंतर भावाचा आरओजी अ‍ॅलाय महिनाभर माझ्याकडे होता, त्यावरही बराच खेळले. माझ्या घरची परिस्थिती तुमच्यासारखीच आहे: संध्याकाळी टीव्ही सासूबाईंचा, आणि रात्री दहानंतर मुलगा शेजारी झोपलेला. त्यामुळे हे उत्तर अगदी मनापासून लिहिते आहे.

चालतो. आणि छान चालतो. पण का चालतो हे समजून घ्या, कारण तेच कारण पुढच्या गेमला तुम्हाला अडवणार आहे.

त्सुशिमा, म्हणजे मंगोल आक्रमणाशी लढणाऱ्या जिन या सामुराईची गोष्ट, मुळात सोनीच्या पीएस४ कन्सोलचा गेम आहे. जुलै २०२० मध्ये तो पीएस४वर आला, पुढच्या वर्षी पीएस५वर आणि १६ मे २०२४ला पीसीवर. पीएस४ची ग्राफिक्सची ताकद १.८४ टेराफ्लॉप (सेकंदाला किती लाख कोटी हिशोब होतात त्याचं माप), स्टीम डेकची साधारण १.६. म्हणजे कागदावर डेक थोडा मागेच. पण पीएस४ला १९२० बाय १०८० चं चित्र काढावं लागतं, म्हणजे प्रत्येक फ्रेमला, प्रत्येक चित्राला, २० लाखांवर पिक्सेल. डेकची स्क्रीन १२८० बाय ८००, म्हणजे जेमतेम १० लाख. काम निम्म्यावर आलं. शिवाय पीएस४चा प्रोसेसर त्या काळीही अशक्तच होता, डेकच्या प्रोसेसरचे झेन २ कोअर त्याच्या कितीतरी पुढे आहेत. आणि पीएस४वर हा गेम सेकंदाला ३० फ्रेमनेच चालायचा. हे सगळं जुळून येतं म्हणून सात इंचाच्या मशीनवर, अवघ्या १५ वॉटच्या चिपवर, तो गेम बसतो. पीसीवर आणण्याचं काम निक्सेस या डच स्टुडिओने केलंय आणि ते फार मेहनतीने केलंय. कमीत कमी सेटिंगवर ७२० पी आणि ३० फ्रेमसाठी त्यांनी जीटीएक्स ९६०सारखं जुनं ग्राफिक्स कार्डही चालेल असं सांगितलं होतं.

आता प्रत्यक्षात काय मिळतं ते सांगते. डेकवर मी मध्यम सेटिंग ठेवते. सावल्या आणि धुकं त्याहून एक पायरी खाली, आणि एफएसआर 'क्वालिटी'वर. एफएसआर क्वालिटी म्हणजे गेम आतून ८५३ बाय ५३३ एवढंच चित्र काढतो आणि मग ते मोठं करून दाखवतो. हे ऐकायला वाईट वाटतं. सात इंचाच्या स्क्रीनवर माणसं, कपडे, घरं यांत फरक मला जाणवलाही नाही. जाणवतो तो गवतात. या गेमचा सगळा जीवच गवतात आणि वाऱ्यात आहे. जिन घोड्यावरून पांढऱ्या कणसांच्या गवतातून जातो तेव्हा दूरची पाती किंचित लुकलुकतात, उडणाऱ्या पानांमागे पुसट शेपूट दिसतं. मला दोन दिवसांत सवय झाली. तुम्ही आधी पीएस५वर पाहिला असेल तर मात्र हे डोळ्यांत खुपेल.

फ्रेमचं म्हणाल तर मोकळ्या माळावर ४०, पहिल्या बेटभागातल्या सोनेरी मंदिराजवळ, जिथे पिवळ्या पानांचा नुसता पाऊस असतो, तिथे ३२ ते ३५. मोठ्या लढाईत वीसेक मंगोल आणि आग एकत्र आली की ३०च्या आसपास.

इथे ४० या आकड्याबद्दल थोडं सांगते, कारण हॅंडहेल्डवर खेळण्याची गोम त्यातच आहे. ३० फ्रेमला प्रत्येक चित्र ३३.३ मिलिसेकंद टिकतं, ६० ला १६.७. या दोघांच्या बरोब्बर मधे २५ मिलिसेकंद येतात, आणि २५ मिलिसेकंद म्हणजे ४० फ्रेम. आकड्याने ४० हे ३०च्या जवळ दिसतं, पण हाताला ते ३० आणि ६०च्या अगदी मध्यावर लागतं. डेकची स्क्रीन ४० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४० वेळा चित्र बदलेल अशी, लावता येते, त्यामुळे प्रत्येक चित्र ठरल्या वेळी येतं आणि अडखळल्यासारखं होत नाही. ओएलईडी मॉडेलमध्ये स्क्रीन ९० हर्ट्झची आहे, तिथे ४५ लावा. जिथे ४० टिकत नाही तिथे ३८-३६-४१ असं हेलकावत ठेवू नका, सरळ ३०ला बांधा. स्थिर ३० हे डुलणाऱ्या ३८पेक्षा कधीही बरं.

आता फ्रेम जनरेशन. व्हिडिओंमध्ये लोक दाखवतात ना, "डेकवर त्सुशिमा ६० फ्रेम!", ते यामुळे. दोन खऱ्या फ्रेमच्या मधे एक बनावट फ्रेम घातली जाते. डोळ्याला गुळगुळीत दिसतं, पण बटण दाबल्यापासून हालचाल दिसेपर्यंतचा वेळ कमी होत नाही, उलट थोडा वाढतो. या गेममध्ये त्याची किंमत फार आहे. तुम्ही खेळायला लागलात की 'स्टँडऑफ' येईल: समोर शत्रू उभा, तुम्ही वाय बटण दाबून धरायचं, आणि तो खरंच धावून आला त्या क्षणी सोडायचं. पुढे पुढे शत्रू हूल देतात. खांदा हलवतात, अर्धं पाऊल टाकतात आणि थांबतात. फ्रेम जनरेशन चालू ठेवून मी एका संध्याकाळी लागोपाठ सहा वेळा हरले, आणि मला वाटत होतं की माझाच हात मंदावलाय. बंद केलं, ४०ला बांधलं आणि पहिल्याच खेपेला तीन जण पडले. खरे फ्रेम ५०-६० मिळत असतील तरच वर फ्रेम जनरेशन लावा. तीसचे साठ करायला जाऊ नका.

अ‍ॅलायवर हे जमू शकतं, कारण त्यातली झेड१ एक्स्ट्रीम चिप बरीच नवी आहे. मात्र ती पुढे जाते ती २५ वॉटवर, आणि चार्जर लावला तर ३० वॉटवर. १५ वॉटला बांधलीत तर डेक आणि अ‍ॅलायमधलं अंतर किंमतीच्या मानाने कमीच दिसतं. १० वॉटच्या खाली डेकच जास्त काटकसरीने चालतो. अ‍ॅलायची स्क्रीन १०८० पीची आहे, पण हा गेम मी त्यावर पूर्ण १०८० पीला खेळले नाही. एफएसआर 'बॅलन्स्ड' (क्वालिटीहून एक पायरी खाली), मध्यम सेटिंग, २५ वॉट, असं ठेवल्यावर ५०च्या घरात फ्रेम मिळाल्या. अ‍ॅलायची स्क्रीन व्हीआरआरवाली आहे, म्हणजे फ्रेम जशी येईल तशी स्क्रीन थांबते, त्यामुळे ४८च्या वर असाल तर चढउतार जवळजवळ कळत नाहीत. ही गोष्ट डेकच्या दोन्ही मॉडेलमध्ये नाही आणि मला तिचं खरंच कौतुक वाटलं. त्याखाली गेलात की तो फायदा कमी होतो.

बॅटरी. डेकची ४० वॉटतास, पहिल्या अ‍ॅलायचीही ४०, ओएलईडी डेकची ५०, आणि अ‍ॅलायचं पुढचं मॉडेल अ‍ॅलाय एक्स, त्याची ८०. हिशोब साधा आहे. डेकची चिप १५ वॉट घेते, स्क्रीन, पंखा, वायफाय धरून एकूण २३-२४ वॉट जातात, म्हणजे पावणेदोन तासांच्या आत खेळ संपला. माझं माहेर रत्नागिरीचं. मांडवी एक्सप्रेसमध्ये पनवेलला गेम सुरू केला तर खेड यायच्या बऱ्याच आधी डेक बंद पडतो. ३० फ्रेमला बांधून, सेटिंग उतरवून, वॉटची मर्यादा नऊ-दहावर आणली तर खेड गाठता येतं. अ‍ॅलाय २५ वॉटवर चालवलात तर तासभर धरा. मोबाइलचा साधा चार्जर यांना पुरत नाही. डेकला ४५ वॉटचा लागतो, पॉवर बँक घ्याल तर तेवढंच आउटपुट देणारी घ्या. आणि पीएस५ घरी ठेवून मोबाइलवर स्ट्रीम करू, असा विचार असेल तर कोकण रेल्वेच्या बोगद्यांत तो पर्याय विसरा. गेम मशीनमध्येच असणं हीच तिथली खरी सोय.

वॉट कमी करण्याचा आणखी एक फायदा आहे जो कुठल्या तक्त्यात नसतो. शांतता. पूर्ण ताकदीवर कुठल्याही हॅंडहेल्डचा पंखा झोपलेल्या मुलाशेजारी ऐकू येतोच. मी रात्री ३० फ्रेम आणि दिवसा ४० असे दोन प्रोफाइल करून ठेवलेत.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. गेमला ७५ जीबी जागा लागते, म्हणून मी एका दुकानातून ५१२ जीबीचं मेमरी कार्ड स्वस्तात घेतलं. घोडा दौडवला की झाडं उशिरा उगवायची, एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला मिनिट लागायचं, आणि मी आठवडाभर ग्राफिक्सची सेटिंग खालीवर करत बसले. शेवटी कार्डचा वेग तपासला तर छापलेल्या आकड्याच्या पावपटसुद्धा नव्हता. जड गेम आतल्या एसएसडीवर ठेवा. कार्डावर जुने, हलके गेम.

आता अडचण कुठे येते ते. पीएस५साठीच बांधलेले गेम घेतलेत की वरचं सगळं गणित फिरतं. पीएस५ची ताकद १०.२८ टेराफ्लॉप आणि मेमरीचा वेग सेकंदाला ४४८ जीबी. माझ्या एलसीडी डेकचा हाच वेग ८८ जीबी आहे, आणि १६ जीबी मेमरी प्रोसेसर व ग्राफिक्स दोघांना वाटून घ्यावी लागते. द लास्ट ऑफ अस पार्ट वन मार्च २०२३ मध्ये पीसीवर आला तेव्हा चांगल्या डेस्कटॉपवालेही शेडर (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्राम) तयार होईपर्यंत मेनूपाशी ताटकळत बसले होते. पुढे दुरुस्त्या झाल्या, तरी डेकवर तो मला कष्टाचाच वाटला. २०२५चा मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स तर डेकवर घेऊच नका. उलट रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट हा पीएस५चाच गेम, पण निक्सेसने आणलेला, ३०च्या आसपास समाधानाने खेळता येतो. म्हणून गेम घेताना पीसी आवृत्ती कोणी बनवली हे मी आता आधी बघते.

तुमच्या निर्णयासाठी दोन गोष्टी. डेक बनवणारी वाल्व्ह कंपनी भारतात तो अधिकृतपणे विकत नाही, जे मिळतात ते बाहेरून आणलेले, त्यामुळे वॉरंटीचं दुकानदाराकडून लेखी घ्या. अ‍ॅलाय इथे जुलै २०२३ मध्ये ६९,९९० रुपयांना अधिकृतपणे आला, सर्व्हिसचा प्रश्न त्यात कमी. माझं मत विचाराल तर, मुख्यतः बिछान्यात आणि प्रवासात खेळणार असाल तर ओएलईडी डेक. टेबलाशी बसून, चार्जर लावून खेळणार असाल तर अ‍ॅलाय, आणि खिसा परवानगी देत असेल तर अ‍ॅलाय एक्स.

आणि त्सुशिमाचा 'लेजेंड्स' हा मित्रांबरोबर खेळायचा भाग तुम्हाला हवा असेल, तर त्याला प्लेस्टेशनचं खातं आणि विंडोज लागतं, आणि डेकवर मुळात विंडोज नसतं. गेम आला तेव्हा वाल्व्हने याच कारणासाठी त्याला डेकवर 'असमर्थित' असा शिक्का मारला होता. तो शिक्का बघून घाबरू नका, एकट्याने खेळायची पूर्ण कथा व्यवस्थित चालते. तरी शंका वाटलीच तर कोणाचा तरी डेक एका रविवारी मागून आणा आणि त्यावर स्वतःच्या खात्यातून गेम घ्या. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर स्टीम, म्हणजे वाल्व्हचं गेमचं ऑनलाइन दुकान, पैसे परत करतं. कोमोदा किनाऱ्यावरची सुरुवातीची लढाई संपून जिन घोड्यावर मोकळ्या माळावर येतो, ते या दोन तासांत आरामात होतं. तिथे घोडा जोरात पळवा, कॅमेरा गोल फिरवा, आणि गवत तुमच्या डोळ्यांना चालतंय का ते बघा.